साठ वॅट

मुंगसानं खुडूक नेली ती मंगळवारी.
मागे राहिली पिसांची एक ओळ
माडाच्या आळ्यापर्यंत,
आणि अकरा पिल्लं,
अंड्याबाहेर येऊन जेमतेम दोन दिवस झालेली.

मी सर्जेकोट बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीत असतो, रात्रपाळीला.
सोळा वर्षं लाद्या फोडतोय.
साबण लावला तरी अंगाचा अमोनिया जात नाही.
थंडीबद्दल मला कुणी शिकवू नये.
पण ऊब?
रोहिणी म्हणाली, "तुमका बर्फाशिवाय दुसरां काय कळता?
आता वायच उलट्या बाजून विचार करा."

तर उलट्या बाजूनं.
दामू खवणेकराच्या होडीवरची थर्माकोलची पेटी,
सुरमईची, एक कोपरा उडालेला.
तीनदा सोड्यानं धुतली, वास तसाच.
जी पेटी थंडी बाहेर सोडत नाही
ती ऊबही सोडणार नाही,
एवढं गणित मला जमतं.

तळाशी वर्तमानपत्र घातलं, ते चुकलं.
गुळगुळीत कागदावर पाय फाकले त्यांचे,
होडीत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे.
मग होड्या बांधणाऱ्या सुताराकडून
रंध्याच्या साली आणल्या,
फणसाच्या, पिवळ्या, कुरळ्या.
पाण्याच्या बशीत गोट्या टाकल्या
म्हणजे कुणी बुडायला नको.
गोट्या मुलाच्या. तो आता रत्नागिरीला आयटीआयला.
त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, हिरवी मोठी आहे ना, ती नको.
ती बाजूला काढून ठेवली.

राहिला बल्ब.
"पिवळो बल्ब आता येयत नाय," सांतान म्हणाला, "ह्यो घे एलईडी,
नऊ वॅट, दोन वर्सां गॅरंटी."
हातात धरून पाहिला. लख्ख, आणि गार.
म्हटलं, "सांतान, माका उजेड नको, ऊब होयी."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, काउंटरवरून उठला,
आत गेला, आणि बराच वेळ आला नाही.
मग आला तो पोरासारखा हसत,
संडासातला बल्ब लुंगीला पुसत.
साठ वॅट, माशीच्या ठिपक्यांसकट.
"पैशे नको. पिल्लां मोठी झाली की एक कोंबो दी."

बांगडे भाजायची जाळी वाकवून बल्बला घातली,
पिसं करपू नयेत म्हणून.
आडव्या काठीला सुतळी, सुतळीला गाठी,
एकेक गाठ वर, एकेक गाठ खाली.
थर्मामीटर लागत नाही.
बल्ब खाली आला की पिल्लं कडेला जाऊन
चोची उघडून धापा टाकतात.
वर गेला की एकावर एक चढून
मधोमध एकच गोळा, आणि आकांत.
बरोबर असला की पसरतात,
आणि आपल्याला विसरून जातात.

चौथ्या रात्री लाईट गेली.
अडीच वाजता, अख्ख्या किनारपट्टीची.
फॅक्टरीत जनरेटर धडधडत चालू झाला,
बर्फाला काही झालं नाही.
घरी रोहिणीनं चूल पेटवली,
बाटलीत गरम पाणी भरून माझ्या पायमोज्यात घातलं,
पाणी निवलं की पुन्हा. पाच वेळा, ती म्हणाली.
सकाळी मोजली तर दहा.
आळ्यातली माती एका जागी ओली दिसत होती.
मी काही विचारलं नाही,
चहा घेतला, तिच्याही कपात ओतला.

आता पाळीवरून आलो की थेट पेटीत हात घालत नाही.
आधी बल्बपाशी धरतो, दोन्ही बाजूंनी,
भाकरी शेकवतात तसा.
बोटांच्या कडा लाल दिसायला लागतात.
रोहिणी म्हणते, "थांब. अजून. हां, आता घाल."
मग एखादं तळहातावर चढतं,
दोनदा टोचून बघतं,
आणि बसल्या बसल्या मान टाकून झोपतं.
पहिल्यांदा झोपलं तेव्हा मेलंच वाटलं मला.

तिसरा आठवडा चालू आहे. पंखांना खरी पिसं फुटली.
एकाचा तुरा आत्तापासूनच लाल होतोय,
बशीत उभं राहून सगळ्यांना टोचतो.
तो सांतानचा.
त्याच्या संडासात अजून अंधार आहे.